दोन्ही कान दिसले पाहिजेत

...नाही, पण मला एक सांगा, माणूस फोटोत मधोमध बसला तर कुणाचं काय जातं हो? बसा, बसा, बाकावर जरा सरकून बसा, प्रिंटर तापायला वेळ आहे अजून, त्याचं माझ्यासारखंच आहे, सकाळी लवकर चालू होत नाही आणि एकदा चालू झाला की थांबत नाही... तर मधोमध! एकतीस वर्षं या खोलीत, या स्टूलवर, मी माणसं मधोमध बसवली. मागे पांढरा पडदा, पुढे मी, मध्ये गिऱ्हाईक. हनुवटी खाली, खांदे सैल, नजर इकडे, श्वास रोखू नका, इंजेक्शन देत नाहीये, आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. झालं शास्त्र. पासपोर्ट असो, परवाना असो, नोकरीचा अर्ज असो, शास्त्र तेच. तो कोट बघितलात खुंटीवरचा? मागून उसवलेला आहे, म्हणजे मीच उसवलाय, बारीक माणूस आला की मागे चिमटे लावायचे, जाडा आला की उघडा सोडायचा, पुढून सगळे साहेब. अर्धं गाव त्या एका कोटात परदेशी जाऊन आलं, कोट मात्र खुंटीवरून हलला नाही. आणि अशा माणसाला, तुम्हाला सांगतो, अशा माणसाला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकवण्यात आलं की मधोमध म्हणजे चूक.

कुणी पाठवलं मला शिकायला? बाहेरचं कोण पाठवणार, घरचीच माणसं. मुलगी. एकुलती एक, लाडाची, हिशेबात पक्की, आईवर गेलेली, दुकानाचा व्यवहार तीच बघते. एका संध्याकाळी आली, याच काउंटरवर कोपरं टेकली आणि म्हणाली, "बाबा, स्टूलवर बसायला येतं कोण आता? सगळे भिंतीपुढे उभे राहतात आणि मोबाईलवर काढतात. लोकांना बाहेरचे फोटो हवेत. मोकळ्यावरचे. झाडं, पाणी, आभाळ. ते शिका. नाहीतर शेजारचा कव्हरवाला जागा मागतोय, मी त्याला हो म्हणून टाकते." कव्हरवाला म्हणजे मोबाईलची कव्हरं विकतो तो. त्याला इथे, या पडद्याच्या जागी, कव्हरं टांगायची आहेत. आणि मी काय करायचं? घरी बसायचं? घरी आमची ही आहे, आणि तिचं म्हणणं, ते घर तिला एकटीलाच जेमतेम पुरतं. मी म्हणालो, बाळ, माझ्यात काय कमी आहे ते तरी सांग. तर म्हणते, "एक महिना देते. असा एक फोटो काढा की दारात लावला तर रस्त्यानं जाणारा माणूस थांबला पाहिजे." थांबला पाहिजे, म्हणे! अहो, माझ्या फोटोंचा सगळा जन्मच कुणी थांबू नये म्हणून. खिडकीवरच्या कारकुनानं एक नजर टाकायची, शिक्का मारायचा, पुढचा. माझ्या फोटोपाशी कुणी थांबलं म्हणजे कुठेतरी घोटाळा आहे.

पण मी म्हटलं, बघतोच. इरेला पेटलो. एक कागद मिळाला, त्यावर लिहिलेलं, 'बाहेरच्या फोटोंची मांडणी सुधारा, चार रविवार, पहाटे, तळ्याकाठी.' मांडणी? मला वाटलं खुर्च्या मांडायच्या असतील. गेलो. तर तिथे धुकं, आठदहा माणसं, आणि मध्ये... नाही, मध्ये नाही, एका बाजूला, ते कधीच मध्ये उभे राहत नाहीत... आमचे सर. अंगात बिनबाह्यांचं जाकीट, त्याला सतरा खिसे. मी मोजले, कारण त्या धुक्यात मोजण्यासारखं दुसरं काही दिसतच नव्हतं. खिसेवाले सर. आवाज एकदम मऊ, जणू तळं झोपलंय आणि ते उठेल. "चौकटीत... मनातल्या मनात... दोन उभ्या रेघा ओढा... दोन आडव्या..." मी म्हटलं, म्हणजे फुली-गोळा. ते म्हणाले, "हं... तसंच. आता आपला विषय कुठे ठेवाल?" मी म्हटलं, मधल्या घरात, यात विचारायचं काय, फुली-गोळ्यात पहिली फुली मधल्याच घरात मारतात. सरांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "मध्ये नाही. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे. तिथे डोळ्याला बरं वाटतं." कुणाच्या डोळ्याला? मला कुणी विचारलं? मी म्हटलं, सर, एवढ्या कडेला माणूस ठेवला तर तो फोटोतून बाहेर पडतोय असं वाटेल, आणि त्याचे दोन्ही कान दिसले पाहिजेत त्याचं काय? सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा हसले ते दाताचे डॉक्टर. निवृत्त आहेत, हातभर लांब लेन्स घेऊन येतात. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलं, आता म्हणे लांबचं बघायचंय.

बरं, हसू देत. मी कॅमेरा स्टँडवर चढवला, स्टँडचे तीन पाय चिखलात रोवले आणि उभा राहिलो. पुढे तळं, पलीकडे टेकडी, डावीकडे झाड आणि नेमका मध्ये एक विजेचा खांब. आता मला सवय काय? समोरचं हलवायची. मी म्हटलं, "जरा डावीकडे सरका." कोण सरकणार? खांब? मी पुन्हा म्हटलं, जरा आवाज चढवून, "डावीकडे सरका, आणि हनुवटी खाली." तर डॉक्टर सरकले! हनुवटी खाली घेऊन सरकले बिचारे, मुकाट. सर आले मागून, म्हणाले, "कुणाला सांगताय?" मी म्हटलं, त्या खांबाला. तर खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "तो नाही सरकणार. तुम्ही सरका." मी? मी सरकू? अहो, या फरशीवर बघा, या इथे, वाका जरा, तीन खळगे दिसतायत ना? स्टँडच्या तीन पायांचे आहेत. एकतीस वर्षं पाय तिथून हलले नाहीत, फरशी झिजली पण मी नाही हललो! जग आलं, स्टूलवर बसलं, मी सांगितलं तसं वळलं, गेलं. आणि आता टेकडीची हनुवटी वर आहे म्हणून मी चिखलातून हिंडायचं?

हिंडलो. काय करता, दुकान जात होतं. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "उभं राहून सगळेच बघतात, गवताच्या उंचीवरून बघा." आडवा झालो पोटावर. गवताच्या उंचीवरून काय दिसतं? गवत. आणि उठताना, तुम्हाला सांगतो, डॉक्टरांनी एक दंड धरला, सरांनी दुसरा, अक्कलदाढ काढावी तसा मला जमिनीतून काढला. मग म्हणे पुढे काहीतरी घ्या, दगड घ्या, पान घ्या, म्हणजे खोली येते. खोली माझ्याकडे आहे म्हटलं, दहा बाय बारा, तीच वाचवायला आलोय. मग म्हणे वाट घ्या, वाट डोळ्याला आत घेऊन जाते. मग कडा बघा, चारही कडांवरून बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा, कुणाची अर्धी चप्पल आत येतेय का बघा. मग म्हणे, "तुमचं तळं डावीकडे सांडतंय." कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघितलं तर खरंच, पाण्याची रेघ तिरपी, अजून थोडं थांबलो असतो तर सगळे मासे डॉक्टरांच्या बुटात. एवढं मात्र मला पटलं. पाणी सरळ पाहिजे. पण सरळ पाहिजे म्हणणारा माणूस मधोमध का नको म्हणतो, हे काही पटलं नाही, आणि न पटलेलं मी करत नाही.

तिसऱ्या रविवारी मग मी माझं केलं. सूर्य उगवत होता, सगळे तिकडे तोंड करून ओळीनं उभे, खटाखट खटाखट, जणू उद्या तो उगवणारच नाही. मी पाठ फिरवली. मागे एक गाढव उभं होतं. कुणाचं होतं देव जाणे, एकटंच होतं, आणि तुम्हाला सांगतो, इतकं गुणी गिऱ्हाईक मला एकतीस वर्षांत मिळालं नाही. हनुवटी खाली. नजर इकडे. हलणं नाही, 'मी हसू का' नाही, 'दाढी करून येऊ का' नाही. मी चार पावलं मागे गेलो, दोन पुढे, मधोमध घेतलं, आणि कान... अहो, काय कान! दोन्ही! वर, सरळ, चौकटीला जेमतेम टेकलेले. एक फोटो. दुसरा काढायची गरजच नाही.

दुपारी सरांच्या घरी सगळे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवायचे असतात, सगळ्यांसमोर. डॉक्टरांचा सूर्य आला, वाहवा. एका बाईंचं दव पडलेलं फूल आलं, वाहवा. मग माझं गाढव आलं. गाढव भिंतीवरून सगळ्यांकडे बघतंय, सगळे गाढवाकडे. सर मऊ आवाजात, "हे... काय आहे?" डॉक्टर मागून म्हणाले, "गाढवाचा पासपोर्ट." हसा! मीही उभा राहिलो. म्हटलं, सर, हे गाढव उद्या हरवलं तर माझ्या फोटोवरून सापडेल. तुमच्या त्या फोटोवरून काय सापडेल? धुकं? आणि ऐका, म्हटलं, तुम्ही म्हणता मध्ये ठेवू नका. ठीक आहे. पण माणसाला मध्ये घेतं कोण? घरात तो कडेला, ऑफिसात कडेला, रांगेत तर शेवटी. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरा-नवरी मध्ये, हा बाकीच्यांत, निम्मा कापलेला. माझ्या स्टूलवर तो दोन मिनिटं बसतो, तेवढी दोन मिनिटं सगळं जग त्याच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत, कारण दोन्ही त्याचे आहेत! कुणी हसलं नाही. मला वाटलं, जिंकलो. तर सर म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे हो. पण ती स्टूलवरून उठत नाही."

लागलं मला ते. खोटं कशाला बोलू, फार लागलं. घरी आलो, जेवलो नाही धड. आमची ही ओट्यापाशी उभी, खिडकीतून तिच्यावर उजेड, आणि मध्ये नेमकं कपाटाचं दार. मी म्हटलं, तू जरा डावीकडे सरक. ती वळलीसुद्धा नाही. "मी लग्न झाल्यापासून इथेच उभी आहे. तुम्हाला काही दिसत नसेल तर तुम्ही सरका." बघा. सरांनी ते शिकवायची फी घेतली.

चौथा रविवार झाला. मी सरकलो, वाकलो, वाट घेतली, दगड घेतला, रेघेवर झाड ठेवलं. झाड आलं. रस्त्यानं जाणारा माणूस थांबेल असं काही त्यात नव्हतं, रस्त्यावर झाडं आहेतच की. मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, "काढला?" मी म्हणायचो, बघतोय. महिना संपायला तीन दिवस राहिले आणि कव्हरवाला टेप घेऊन आला. मोजमापाची टेप. मला नमस्कार केला, 'काका, तुम्ही बसा' म्हणाला, मला, माझ्या दुकानात, आणि पडद्यामागची भिंत मोजून गेला. तो गेल्यावर मी त्या स्टूलवर बसलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बसलो असेन. फार टणक आहे हो. लोकांनी कधी सांगितलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दारात कोण? खिसेवाले सर. मान खाली. त्यांना परदेशात बोलावणं आलेलं, त्यांचं धुकं तिथे भिंतीवर लावणार होते, आणि त्यासाठी पासपोर्टचा फोटो पाहिजे, तर यांनी स्वतःचा स्वतः काढून दिला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात, आणि सगळा मिळून चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात. पासपोर्टच्या खिडकीवरच्या बाईंनी फोटो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आणि म्हणाल्या, "उरलेले साहेब कुठे आहेत?" दुसऱ्यांदा दिला, तोही परत. मला म्हणाले, "तुमच्याकडून आतापर्यंत किती परत आले?" मी म्हटलं, सर, एकही नाही. असं छातीवर हात ठेवून म्हटलं. "मग काढा," म्हणाले.

आता माझा दिवस होता. म्हटलं, जाकीट काढा. काढलं. कोट घातला, मागे चार चिमटे लावले. खिशांशिवाय त्या माणसाला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. बसवला स्टूलवर, मधोमध. हनुवटी खाली, खांदे सैल, दोन्ही कान दिसले पाहिजेत. आवाज मुद्दाम मऊ ठेवला, त्यांच्यासारखा. पण त्यांना घाम फुटला, कपाळ चमकायला लागलं, म्हणून मी ही खिडकी उघडली. ही कधी उघडत नाही मी, बाहेरचा उजेड आत आला की माझ्या दिव्यांचं गणित चुकतं. उजेड आला बाजूनं. आणि खोड बघा माणसाची, सरांची मान वळली उजेडाकडे. थोडीच. तोंड जरा उघडं राहिलं. सगळा शहाणपणा गळून गेला चेहऱ्यावरचा, असा पोरका दिसला तो माणूस, की मला काही तरी झालं. 'नजर इकडे' म्हणायचं राहूनच गेलं. आणि पाय... मी शपथ घेऊन सांगतो, मी नाही हललो, पाय हलले. त्या तीन खळग्यांतून स्टँड उचलला, दोन पावलं डावीकडे, नजरेच्या पुढे मोकळी जागा सोडली, जरा खाली वाकलो आणि खटका दाबला.

आता खरी गंमत... गंमत कसली, पाप. मी तो बघितला. नीट बघितला, चष्मा लावून. आणि मला वाटलं, बरोबर आहे! काहीसुद्धा खटकलं नाही. आठ प्रती काढल्या, कापल्या, पाकिटात घातल्या, वर म्हटलं, घ्या सर, डोळे मिटून द्या खिडकीवर. इतकी बिघडली होती नजर चार रविवारांत!

तासाभरात सर परत. खिडकीवरच्या बाईंनी त्यांना काय म्हटलं ठाऊक आहे? माझ्या गिऱ्हाइकाला, माझ्या फोटोवर बोट ठेवून... "दोन्ही कान दिसले पाहिजेत हो, तुमच्या फोटोवाल्याला एवढंही कळत नाही?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी म्हटलं, सर, बसा, लगेच काढून देतो. दिला, सरळ, मधोमध, चालला तो, गेले ते परदेशी. पण त्या दिवशी दुकानातून निघताना त्यांनी तो परत आलेला काढून समोर धरला, बराच वेळ बघितला. "मी असा दिसतो?" म्हणाले. मी म्हटलं, खिडकी उघडली की दिसता. "हा मला मोठा करून द्या," म्हणाले, "भिंतीवर लावायचाय." मुलगी होती तेव्हा काउंटरवर, तिनं एक जास्तीचा काढला आणि मला न विचारता दारात लावला. मी तिला सांगत होतो, अगं काढ तो, नापास झालेला फोटो आहे, लोक काय म्हणतील... आणि बाहेर एक माणूस थांबला. हातात पिशव्या, बस सुटत होती त्याची. थांबला. मग आणखी एक. कव्हरवाला स्वतः थांबला हो, टेपसकट. मुलीनं कव्हरवाल्याला द्यायची म्हणून आणलेली दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तेव्हा मला भरून आलं, त्यात लपवायचं काय.

तेव्हापासून ही बाकावरची गर्दी. दुकान राहिलं, गावभर नाव झालं, लोक म्हणतात म्हातारा या वयात शिकला. शिकला कसला, बिघडला! सगळ्यांना दारातल्यासारखा पाहिजे. मी सांगतो, तो कुठे चालत नाही, अर्जाला चालत नाही, परवान्याला चालत नाही. तरी तसलाच पाहिजे. मग काढतो, परत येतो, मग सरळ काढतो. एका माणसाचे दोन दोन फोटो, एक त्यांच्यासाठी, एक ऑफिसासाठी. आणि मी आजही सांगतो, सरांच्या तोंडावर सांगेन, माणूस मधोमधच पाहिजे. फक्त आता स्टँड त्या खळग्यांत ठेवला की डगडगतो, कोण जाणे का.

घ्या, तापला प्रिंटर. चला, कोण पहिलं? तुम्ही? या. आधीच सांगा बुवा, चालणारा फोटो हवा की चांगला? ...हसताय काय, एकतीस वर्षं मला वाटत होतं की ते एकच असतं.